पदार्थ विचारा, माणूस विचारू नका

उन्हाळ्याच्या सुट्टीत अठरा दिवस इंग्लंडला जाऊन आले. बहिणीचा मुलगा लीड्सला नोकरीला आहे. त्याने आग्रह केला, तिकीटही त्यानेच काढले, म्हणून शिरपूरची ही मास्तरीण विमानात बसली. परत आल्यापासून तिथल्या शाळांबद्दल कोणी विचारले नाही, वाचनालयांबद्दल विचारले नाही. सगळ्यांना एकच कुतूहल आहे: तिकडे खाल्ले काय?

आमच्या मोहल्ल्यात हा प्रश्न काळजीने येतो. भाच्याने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता, तो फिरत फिरत बडे अब्बांपर्यंत पोहोचला. त्यांनी बोलावून घेतले. “बेटी, सुना है तुम लोग शराबखाने में बैठ के खाना खाए?” स्टाफरूममध्ये हाच प्रश्न हसत हसत येतो. “मॅडम, तिकडे तुमची मजाच की. सगळंच चालतं तिथं.” ‘सगळंच’ या शब्दावर जरासा जोर, आणि मग एकमेकांकडे बघणे.

बडे अब्बांना शंका आहे की मी माझा दीन पबच्या दाराबाहेर ठेवून आत गेले. स्टाफरूमला खात्री आहे की माझा धर्म म्हणजे माझ्या ताटातले मटण, बाकी काही नाही. दोघांना एकदाच उत्तर द्यावे म्हणून हा लेख. आधी जेवण सांगते, भांडण नंतर.

यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात आम्ही फिरायला गेलो होतो. मे महिना. इकडे वाशीमला पारा चाळिशीच्या वर, आणि तिथे मी दोन स्वेटर घालून पावसात चालत होते. तीन तास चालून पाय भरून आले. गाव लहान, दुपारी उघडे असलेले दार एकच, आणि ते पबचे. मी पायरीवर थांबले. भाचा म्हणाला, “खाला, आत तर चला. नाही पटलं तर लगेच बाहेर पडू.”

पब हा ‘पब्लिक हाऊस’चा तुकडा. लोकांचे घर. आत शेकोटी पेटलेली, एका कोपऱ्यात दोन म्हातारे पेले घेऊन बसलेले, त्यांच्या पायाशी कुत्रा झोपलेला. शेजारच्या टेबलावर आजी, आई आणि चित्रे रंगवणारी दोन लेकरे. भिंतीवर काळा फळा आणि त्यावर खडूने लिहिलेली पदार्थांची यादी. मास्तरणीचे डोळे आधी फळ्याकडेच जाणार.

यादी वाचली आणि माझी भूकच खट्टू झाली. तळलेला मासा आणि बटाट्याचे चिप्स. बीफ आणि एल नावाची बिअर घालून केलेला पाय, म्हणजे वरून कणकेचे झाकण लावून भट्टीत भाजलेले कालवण. सॉसेज आणि कुस्करलेला बटाटा. खिम्यावर बटाट्याचा थर देऊन भाजलेला शेफर्ड्स पाय. सालासकट भाजलेला अख्खा बटाटा, त्यात बीन्स आणि चीज. मांस हलाल नव्हते, त्यामुळे ते पदार्थ माझ्यासाठी बाद झाले. मी म्हटले, मासा तर घेता येईल.

भाचा काउंटरवर विचारायला गेला. काउंटरवरची पोरगी, असेल वीस-बावीस वर्षांची, म्हणाली की मासा ज्या पिठात बुडवतात त्यात बिअर असते, आणि तळण गाईच्या चरबीत होते. चिप्सही त्याच तळणातले. यॉर्कशायरमध्ये मासा आणि चिप्स गाईच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे, तिथले लोक त्या चवीचा अभिमान बाळगतात. म्हणजे ‘आपण नुसते बटाटे खाऊ’ असे म्हणून निर्धास्त बसणारा आपला शाकाहारी पर्यटक न विचारता काय खाऊन येत असेल, याचा विचार करा.

पोरीने तोंडी सांगून सोडले नाही. आतून एक फाइल आणली आणि पान उलटून दाखवले. मग स्वतःच सुचवले: हॅडॉक मासा भट्टीत लोण्यावर भाजून देते, पीठ नाही, चरबी नाही. सोबत कुस्करलेला बटाटा आणि वाटाणे. ग्रेव्ही नका घेऊ, तिच्यात गोमांसाचा अर्क आहे, त्याऐवजी दुधातला पार्सलीचा सॉस घ्या. माझ्या डोक्यावर ओढणी होती, ती तिला दिसत होती. तिने विचारले एवढेच: “कशाची ॲलर्जी आहे का?” आणि टेबलाचा नंबर. नाव तिने विचारलेच नाही.

ते जेवण मला अजून आठवते. ताट एवढे गरम की वेटरने हात लावू नका म्हणून सांगितले. मासा काट्याने नुसता स्पर्श केला की पाकळी सुटावी तसा सुटत होता. बटाट्यात लोणी असे मुरवलेले की आपल्याकडच्या आजीने बघितले असते तर ‘पोरी, हात सैल आहे तुझा’ म्हणाली असती. आणि ते वाटाणे! त्याला तिकडे मशी पीज म्हणतात. मोठा सुका वाटाणा रात्रभर सोडा घालून भिजवायचा आणि दुसऱ्या दिवशी मऊ लगदा होईपर्यंत शिजवायचा. मीठ सोडले तर फारसा मसाला नाही. पहिल्या घासाला मला आपल्या उसळीची आठवण येऊन वाईट वाटले. तिसऱ्या घासापासून मी तक्रार विसरले. शेवटी सफरचंदाचा क्रंबल, वर गरम कस्टर्ड. बाहेर पाऊस, आत शेकोटी, पोटात ऊब. थंडीत राबणाऱ्या माणसांनी स्वतःसाठी केलेले अन्न आहे हे. ते खाल्ल्यावर त्या माणसांबद्दल आपोआप माया वाटते.

आता भांडण.

बडे अब्बा, तुमचा मान राखून सांगते. ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसू नये, ही शिकवण मला ठाऊक आहे. आमच्या टेबलावर पाणी होते आणि चहाची किटली होती. कोणी त्याहून पुढे जाऊन पबच्या दारातच शिरू नये असे मानत असेल तर तो त्याचा तकवा, मी त्याला हसणार नाही. पण मग सगळीकडे तेच माप लावा. आपल्या कोणत्याही हायवेला ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ अशी पाटी दिसते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या परवान्यावरून आपण त्याला परमिट रूम म्हणतो. एका दाराने फॅमिली, दुसऱ्या दाराने परमिट, आणि स्वयंपाकघर दोघांचे एक. तिथे आपल्या कितीतरी बाराती उतरल्या, डाळ-तडका आणि तंदुरी रोटी खाऊन पुढे गेल्या. तेव्हा कोणाचा दीन धोक्यात आला नाही. मग यॉर्कशायरच्या पाण्याच्या पेल्यानेच का यावा? आणि एक सांगते. तिथे मी जेवढे विचारून खाल्ले, तेवढे विचारून मी इथे कधीच खाल्लेले नाही.

स्टाफरूमच्या मित्रांनो, तुमचे उत्तर तर फारच सोपे आहे. तुमच्या ‘सगळंच’ मधले मी काहीही खाल्ले नाही. गोमांस राहू द्या, अठरा दिवसांत त्या पबमध्ये काय किंवा दुसऱ्या कुठे काय, हलाल नसलेली कोंबडीसुद्धा खाल्ली नाही. दोन बंधने पाळून, एक दारूचे आणि एक जबिहाचे, मी पोटभर आणि आनंदाने जेवले. पण तुम्हाला माझे पथ्य माहीत नाही. तुम्हाला माझे नाव माहीत आहे, आणि नावावरून ताट तुम्ही आधीच वाढून ठेवलेले आहे.

माझे भांडण नेमके इथे आहे. प्रवासात परक्या माणसाच्या हातचे जेवताना दोन प्रकारचे प्रश्न विचारता येतात. या ताटात काय आहे, हा पहिला. हे ताट कोणाचे आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न विचारायचा प्रत्येकाला हक्क आहे. दुसऱ्याचा कोणालाच नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथे कायद्याने द्यावे लागते. दूध, अंडे, शेंगदाणा, तीळ, मोहरी अशा १४ घटकांपैकी काही पदार्थात असेल तर ते गिऱ्हाईकाला कळलेच पाहिजे. नताशा एडनान-लापरूझ नावाची १५ वर्षांची मुलगी २०१६ मध्ये विमानतळावर घेतलेल्या पावाच्या सँडविचने गेली. त्यात तीळ होते, वेष्टनावर लिहिलेले नव्हते. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बांधून ठेवलेल्या अन्नावरही सगळे घटक छापणे सक्तीचे झाले. तो कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो. शिवाय हॉटेलच्या स्वच्छतेला शून्य ते पाच असे गुण देतात आणि त्याचा स्टिकर दारावर लावतात. वेल्समध्ये २०१३ पासून तो लावणे बंधनकारक आहे. दारावर गुण असतात. मालकाचा मजहब नसतो.

ब्रिटन म्हणजे स्वर्ग, असे मी म्हणत नाही. आमच्या लोकांना तिथे रस्त्यात शिव्या बसतात आणि २०२४ च्या उन्हाळ्यात मशिदीवर दगडही आले. पबसुद्धा नेहमीच असे नव्हते. काळ्या माणसाला पेला द्यायचा नाही, हे कित्येक पबमध्ये उघड चालायचे. १९६४ मध्ये ब्रिस्टल शहरात पॉल स्टीफन्सन नावाचा काळा तरुण एका पबमध्ये गेला. त्याला जायला सांगितले, तो उठला नाही, पोलिसांनी पकडून नेले. कोर्टात तो सुटला. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि अशा सार्वजनिक जागी वंशावरून नाकारणे बेकायदा ठरले. मला त्या पोरीने नाव विचारले नाही, त्यामागे तिची सज्जनता असेलच, पण असा कोणीतरी खुर्चीला चिकटून बसलेला माणूसही आहे.

पदार्थांनी तर कधीच कोणाचे नाव विचारले नव्हते. तळलेला मासा इंग्लंडात आणला तो स्पेन-पोर्तुगालमधून हाकलून दिलेल्या ज्यूंनी. १८६० च्या दशकात लंडनमध्ये मासा आणि चिप्स एकत्र विकणाऱ्या अगदी सुरुवातीच्या दुकानदारांत जोसेफ मॅलिन या ज्यू माणसाचे नाव घेतात. निर्वासितांचा तो पदार्थ इतका इंग्लंडचा झाला की दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्याला रेशनिंग लावले नाही. आपली खिचडी तिकडे जाऊन केजरी झाली, तिच्यात मासा आणि अंडे पडले. पाटण्याच्या शेख दीन मोहम्मदने १८१० मध्ये लंडनला हिंदुस्तानी कॉफी हाऊस काढले, ते इंग्लंडातले भारतीय जेवणाचे पहिले हॉटेल. आणि २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले. उलटा प्रवासही झाला. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. तिच्या डायनिंग कारमधले चीज टोस्ट, टोस्टवरचे बीन्स, कटलेट आणि चिप्स कित्येक पिढ्यांच्या पुणेकरांनी खिडकीतून घाट बघत चवीने खाल्ले. इंग्रजाचे म्हणून कोणी ते बाटल्यासारखे दूर सारले नाही.

पदार्थाला एवढी मोकळीक, आणि माणसाला?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमची उर्दू शाळा आणि शेजारची मराठी शाळा, दोन्हींची मिळून सहल लोणारला गेली होती. सरोवर बघून पोरे दमली होती. परतीच्या वाटेवर एका हॉटेलात शाकाहारी थाळी आधीच सांगून ठेवलेली होती. गर्दीत कोणी हरवू नये म्हणून मी दारातच हजेरी घेतली. चूक माझीच. नावे मालकाच्या कानावर गेली. दहा मिनिटांनी ताटे आली तेव्हा मराठी शाळेच्या पोरांसमोर स्टीलची होती आणि आमच्या पोरांसमोर कागदाची. भाजी तीच, पोळी तीच, वरण तेच. कागदाच्या ताटात वरण घेतले की ते वाकते. सहावीतल्या एका मुलीचे वरण फ्रॉकवर सांडले. ती रडली नाही. तिने फक्त विचारले, “टीचर, आपल्याला स्टीलचं ताट का नाही?”

मी मराठी शिकवते. समास शिकवते, प्रयोग शिकवते, निबंध कसा लिहायचा ते शिकवते. त्या प्रश्नाचे एक वाक्य मला जमले नाही. “कमी पडली असतील ग,” असे खोटे बोलून मी वेळ मारून नेली. मराठी शाळेच्या एका सरांनी हे सगळे बघितले. ते काही बोलले नाहीत, पण आपले स्टीलचे ताट बाजूला सारून त्यांनी कागदाचे मागून घेतले. त्या सरांचा मी आजही मान ठेवते. पण दहा-अकरा वर्षांच्या लेकरांना एका माणसाच्या चांगुलपणावर जेवावे लागू नये.

हे नवे नाही. फाळणीआधी आपल्या रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे मिळायचे, चहासुद्धा. आणि त्याहून जुना, त्याहून खोल घाव ज्यांनी सोसला त्यांच्याकडे बघा. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत होते तेव्हा पैशाअभावी अर्धपोटी राहात, रात्री भूक लागली की पापड भाजून खात. पण तिथल्या घरमालकिणीने जात विचारून दार लावले नाही. तेच बाबासाहेब १९१७ मध्ये परदेशातले शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशाच्या मुसाफिरखान्यात पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांत बिंग फुटले आणि काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला. तुम्ही कोण, हा एकच प्रश्न त्यांना विचारायचा होता.

हे सांगून मी मुसलमान म्हणून मोकळी होत नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला बघायला गेले होते. प्रवासाची धूळ होती, दारातल्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. रमजानचा महिना. आमच्यातलाच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा हौद बाटला म्हणून ओरडत आला, मागून गर्दी आली. रोजा असलेल्या तोंडातून ते शब्द आले. पाण्यावर कोणाची मक्तेदारी नाही असे सांगणाऱ्या दीनच्या लोकांनी हे केले. आजही आमच्या काही घरांत अमक्या बिरादरीच्या घरचे जेवण नको म्हणतात आणि त्याला पाकीचे नाव देतात. कागदाचे ताट आपल्या हातातही आहे. आधी ते टाकले पाहिजे, तरच दुसऱ्याला बोलायला तोंड राहील.

बडोद्याच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या माणसाने पुढे घटनेच्या मसुद्याचे काम केले. कलम १५ चा दुसरा भाग काढून बघा. दुकान, उपाहारगृह, हॉटेल अशा ठिकाणी धर्म, जात, वंश, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला आडकाठी करता येणार नाही, असे तिथे आहे. घटना लिहिताना हॉटेलचा वेगळा उल्लेख करावासा वाटला, यावरूनच समजावे की हा प्रश्न ताटापुरता नाही.

आणि तरी जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावर प्रत्येक खाणावळीने मालकाचे नाव ठळक लावावे असा हुकूम निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचे अन्न आहे ते लिहा, पण नावे लिहायची सक्ती करू नका, असे न्यायालय म्हणाले. त्या वेळी न्यायमूर्ती भट्टी यांनी आपला केरळमधला अनुभव सांगितला होता. एका शहरात दोन शाकाहारी हॉटेले, एक हिंदूचे आणि एक मुसलमानाचे. ते मुसलमानाच्या हॉटेलात जात, कारण तिथली स्वच्छता उत्तम होती.

यावर मला नेहमी तीन गोष्टी ऐकवल्या जातात.

पहिली: परवान्यावर मालकाचे नाव असतेच की, मग पाटीवर का नको? अहो, परवान्यावरचे नाव तपासनिसासाठी असते. तक्रार झाली तर जबाबदार कोण, ते कळावे म्हणून. दारावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावलेले नाव गर्दीसाठी असते. गर्दीला त्या नावाचे काय करायचे असते, हे आपल्या सगळ्यांना कळते.

दुसरी: आम्हाला शुद्धतेची खात्री हवी. मग खात्री होईल असे विचारा. भाजीत कांदा-लसूण आहे का, तेल कोणते, मांसाहाराची कढई वेगळी आहे का, पाणी कुठले. मालकाच्या नावावरून यातले काय कळते? मालक एक असतो, आचारी दुसरा, पोळ्या लाटणारी मावशी तिसरी, ताटे धुणारा पोरगा चौथा. कोणाकोणाची नावे दारावर लावणार? आणि नाव ‘आपले’ निघाले म्हणून गिऱ्हाईक बेफिकीर झाले, तर हात न धुणाऱ्या आचाऱ्याला त्याहून चांगला दिवस नाही.

तिसरी: तुम्ही हलाल विचारता ते चालते, आणि आम्ही विचारले की भेदभाव? हा प्रश्न खरा आहे, म्हणून सरळ उत्तर देते. हलाल विचारणे म्हणजे मांस कसे तयार झाले ते विचारणे. तो ताटाचा प्रश्न आहे. तुम्हाला हलाल नको असेल तर तुम्हीही विचारा, तो तुमचा हक्क. पण उद्या एखादा मुसलमान मला म्हणाला की शाकाहारी थाळीसुद्धा फक्त मुसलमानाच्याच हॉटेलात खावी, तर मी त्याच्याशी अगदी असेच भांडेन.

मी हे शिरपूरमध्ये बसून लिहिते आहे, हे मुद्दाम सांगते. आमच्या गावाच्या नावातच ‘जैन’ आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून यात्रेकरू येतात. इथले पथ्य माझ्या पथ्याहून कितीतरी कडक. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. यॉर्कशायरचा तो फळा एखाद्या जैन यात्रेकरूने वाचला असता तर बिचाऱ्याला पाणी पिऊन उठावे लागले असते, कारण तिथे बटाट्याशिवाय पान हलत नाही. त्या यात्रेकरूचा भाजीत जमिनीखालचे काही आहे का हे दहा वेळा विचारायचा हक्क मी मान्य करते. कोणी त्याला वैतागले तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. तो ताटाबद्दल विचारतो आहे.

याच मंदिराचा दिगंबर-श्वेतांबर वाद १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. एकाच देवाला मानणाऱ्या दोन पंथांना निकाल मागायला समुद्र ओलांडावा लागला, आणि तरी वाद मिटला नाही. १९८१ च्या सुमारास देऊळ बंद झाले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. माझ्या पिढीने कुलूप बघतच बालपण काढले. हे देव कोणाचे, या प्रश्नाने काय होते, ते आमच्या गावाइतके कोणाला ठाऊक असणार? तरी त्या सगळ्या वर्षांत यात्रेकरू आले की चहावाला चहा देत होता, रिक्षावाला स्टँडवरून आणत होता. त्यांत आमचेही लोक होते. कोणी कोणाला नाव विचारून चहा घेतला नाही. गावाचे पोट त्यावरच चालले.

म्हणून माझे म्हणणे अवघड नाही. हॉटेलवाल्यांनो, दारात एक फळा लावा. आज काय शिजले आहे, त्यात काय आहे, तळण कशात आहे, कांदा-लसणाशिवाय काय मिळेल, हे खडूने लिहा. खर्च शंभर-दोनशे रुपये. गिऱ्हाइकांनो, तो फळा वाचा, शंका आली तर विचारा, नाही पटले तर उठून जा. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनो, प्रवासाला जाणाऱ्या पोरींना ‘कुठे बसलीस’ हे विचारण्याआधी ‘विचारून खाल्लेस का’ हे विचारा. माझ्यापुरते उत्तर तयार आहे: हो, विचारून खाल्ले, आणि फार आवडले.

यंदा डिसेंबरमध्ये पुन्हा सहल आहे, पुन्हा दोन्ही शाळांची मिळून. हॉटेल ठरवायचे काम मी मागून घेतले आहे. फोनवर मी दोनच गोष्टी पक्क्या करणार आहे. थाळीत काय काय असेल, आणि ताटे सगळ्यांना एकसारखी मिळतील ना. स्टीलची तर स्टीलची, कागदाची तर कागदाची. हजेरी मी बसमध्येच घेईन, पण नावे लपवायची म्हणून नाही. भूक लागलेल्या पोरांना दारात ताटकळत ठेवू नये म्हणून.